इलेक्ट्रॉनला लावलेला कौल

मला आमच्या गावदेवाचा राग होता, आणि तो लपवायचं वय कधीच उलटून गेलं होतं. अठराव्या वर्षी मला पुण्याला जाऊन भौतिकशास्त्र शिकायचं होतं. बाबा सकाळी देवळात गेले, परत आले, पायांवर पाणी घेतलं, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "डावो पडलो." आई आत भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला नाही. मी खोलीत जाऊन भरलेली बॅग रिकामी केली.

आमच्या मसुऱ्याकडच्या गावांत घर बांधायचं असो, लग्न जुळवायचं असो की विहीर खणायची असो, देवाला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या बाजूला फुलांच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवतो. गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं घालून, प्रश्न विचारला जातो आणि मग सगळे टक लावून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हा कौल. प्रश्नसुद्धा असा घालायचा की उत्तर हो किंवा नाही यातच बसेल. 'जरा थांबा' किंवा 'मुलीला काय वाटतं ते विचारा' असं देवाला सांगायचं असेल तर त्याला तशी सोय नाही.

मी राहिले. बी.एस्सी. इथेच केलं. एम.एस्सी.ला रत्नागिरीला गेले तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते, देवळापर्यंत जायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून जाता आलं. तोवर बरीच वर्षं वाया गेली होती. गेली वीसेक वर्षं मी मालवणच्या एका कॉलेजात शिकवते. माझा जीव ज्या विषयावर आहे तो स्पिनट्रॉनिक्स. त्यातले शोधनिबंध मी जेवताना वाचते, एसटीत वाचते. ज्या यंत्रात अणूंचे थर एकावर एक चढवतात ते यंत्र मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याचे फोटो पाहिलेत. पोहण्यावरची सगळी पुस्तकं पाठ असलेल्या, पण पाण्यात कधीच न उतरलेल्या माणसासारखं माझं झालंय, आणि हे मला कुणी गमतीने म्हटलं तर मी त्याच्याशी महिनाभर बोलत नाही.

यंदा दादाच्या मुलीवर तीच वेळ आली. माझी ही भाची बारावीला आमच्याच कॉलेजात होती. तिला भौतिकशास्त्राचंच वेड, आणि ते तिला मी लावलं असं घरचे म्हणतात. म्हणोत. तिने प्रवेशपरीक्षा दिली होती आणि निकालाची वाट बघत होती.

त्याच सुमारास आमच्या विज्ञान मंडळाने मला पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी स्पिनट्रॉनिक्सची ओळख करून द्यायला सांगितलं. सोप्या मराठीत, चाळीस मिनिटांत. प्राचार्यांनी आदल्या दिवशी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, पहिल्याच स्लाइडवर भोवऱ्याचं चित्र टाका. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो. पटकन कळतं."

"तो फिरत नाही, सर."

"मग स्पिन का म्हणतात?"

"चुकून. आधी लोकांना वाटलं फिरतो, म्हणून नाव ठेवलं. मग हिशेब केला तर त्याची कड प्रकाशापेक्षा जास्त वेगाने फिरावी लागेल असं निघालं. नाव तसंच राहिलं."

"चुकून ठेवलंय हे आपण कशाला शिकवायचं?" ते म्हणाले, आणि भोवऱ्याचं चित्र त्यांनी स्वतःच माझ्या स्लाइडमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पडद्यावर तो भोवरा आला आणि माझं डोकं फिरलं. मी तो पुढे ढकलला आणि बोलायला लागले. सांगितलं की आजवरची सगळी इलेक्ट्रॉनिक्स इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावर चालली. त्याला ढकला, अडवा, साठवा. या ढकलाढकलीत उष्णता तयार होते, म्हणून तुमचा मोबाइल खिशात तापतो. पण इलेक्ट्रॉनकडे भाराशिवाय आणखी एक जन्मजात गुण आहे, त्याला स्पिन म्हणतात. त्याच्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबक असतो. भाराबरोबर हा स्पिनही कामाला लावायचा, हे स्पिनट्रॉनिक्स.

"मग फिरत नाय तर काय करता तो?" मागून एका पालकाने विचारलं.

तेव्हा माझ्या तोंडून जे गेलं ते विचार करून गेलं नाही. रागाने गेलं. "कौल देता," मी म्हणाले.

सभागृह जागं झालं. मग मला थांबता येईना. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्रात धरा आणि विचारा, वर की खाली? तो वर म्हणेल नाहीतर खाली म्हणेल. तिरपं, अर्धवट, मधलं असं उत्तर त्याच्याकडे नाही. लगेच पुन्हा तेच विचारा, तेच उत्तर देईल. आता 'वर' म्हणालेले सगळे इलेक्ट्रॉन घ्या, चुंबक आडवा करा आणि विचारा, उजवा की डावा? निम्मे उजवे म्हणतील, निम्मे डावे. आणि आता पहिला प्रश्न परत विचारा. मघाशी छातीठोकपणे 'वर' म्हणालेल्यांतले निम्मे आता 'खाली' म्हणतील. मधल्या आडव्या प्रश्नाने पहिलं उत्तर पुसून टाकलं.

मग त्याचा उपयोग सांगितला. लोहचुंबकी धातूचे दोन अतिशय पातळ थर, मध्ये चुंबक नसलेल्या धातूचा तसाच एक पातळ थर. दोन्ही चुंबकी थर एकाच दिशेचे असतील तर त्या दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन सहज पार होतात. थर एकमेकांच्या उलट असतील तर दोन्ही प्रकारचे कुठे ना कुठे अडतात आणि प्रवाह घटतो. प्रवाह जास्त की कमी, एवढ्यावरून एक की शून्य हे वाचता येतं. संगणकाच्या हार्ड डिस्कवरची चुंबकी अक्षरं वर्षानुवर्षं याच युक्तीने वाचली गेली. आता याच जातीच्या थरांपासून संगणकाची स्मृती तयार होते, आणि वीज गेली तरी ती काही विसरत नाही, कारण चुंबकाला आपली दिशा धरून ठेवायला विजेची गरज नसते. वारा आला की लाईट जाणाऱ्या आमच्या तालुक्याला हे लगेच समजलं. हशा झाला.

शेवटी मी मुद्दाम एक गोष्ट सावकाश सांगितली. म्हटलं, देवाकडे उत्तर आधीपासून असतं आणि कौलात ते फक्त दिसतं, असं तुम्ही मानता. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. आडवा प्रश्न विचारेपर्यंत त्याच्याकडे आडवं उत्तर लपवून ठेवलेलंही नसतं. ते तिथेच, त्या क्षणी ठरतं. विचारलंच नाही तर उत्तरच नाही.

हे शेवटचं वाक्य पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या भाचीने वहीत लिहून घेतलं. बाकी कुणाच्या कानातही शिरलं नाही.

आठ दिवसांत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि 'कौलामागील विज्ञान सिद्ध करणाऱ्या आमच्या भगिनी' असा फलक. माझ्या भाषणाचा दीड मिनिटाचा तुकडा गावोगावच्या ग्रुपांवर फिरला. त्यात 'कौल देता' इथपासून 'तेच उत्तर देईल' इथपर्यंत होतं. पुढचं कापलेलं. देवबागला एक घरगुती निवासवाला पर्यटकांना जेवायला वाढताना आमच्याकडचा कौल क्वांटम आहे असं सांगतो, हे मला त्याच्याकडे राहून आलेल्या माणसानेच सांगितलं. मी ज्याला तासून तासून वेगळं करत होते तेच माझ्या गळ्यात हार घालून लोकांनी एक करून टाकलं. मी ग्रुपवर खुलासा लिहिला. त्याखाली चाळीस जणांनी हात जोडलेले पाठवले. आता कुणी शिव्या घातल्या असत्या तर निदान वाद तरी घालता आला असता.

मग निकाल लागला. भाचीला लांबच्या एका चांगल्या संस्थेत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली. तिथे स्पिनट्रॉनिक्सची प्रयोगशाळाही आहे. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत संकेतस्थळावर संमती द्यायची, नाहीतर जागा पुढच्याला. निकालाच्याच संध्याकाळी मी पेढे घेऊन दादाकडे गेले. दादा ओट्यावर आडाळ्यावर बसून नारळ खवत होता.

"उद्या सकाळी कौल लावतंय," तो म्हणाला.

मी उभीच राहिले. "कित्याक?"

"चेडू एवढ्या लांब जाता. देवाक विचारूक नको?"

"तिका विचारलंस?"

"तिचा काय विचारूचा? ता जावकच बघता."

"मग झाला तर!"

"तूच सांगलंस ना गो?" दादा अगदी मऊ आवाजात म्हणाला. "इलेक्ट्रॉनाक पण कौल लावचो लागता म्हणान. माझ्या मोबाइलार आसा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच वाक्याने माझाच भाऊ माझ्याच भाचीला बांधायला निघाला होता. आमची वहिनी घरी असती तर तिने मला आवरलं असतं, पण ती तेव्हा माहेरी होती. मी जे तोंडात येईल ते बोलले. देवाला बोलले, गुरवाला बोलले, गावाला बोलले. शेवटी म्हणाले, "त्या एका पाकळीन माझा आयुष्य खाल्ल्यान. आता तिचा खावक दिवचंय नाय."

दादाने खवणं थांबवलं. आत भाची आहे का ते वाकून पाहिलं. ती शेजारी गेली होती.

"बाय," तो म्हणाला, "बाबांनी तुझो कौल लावूकच नाय."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"मी तेंच्या वांगडा देवळात होतंय. गुरवान पाकळ्यो चिकटवल्यान. गाऱ्हाणा घालूच्या आधी बाबांनी तेका थांबवल्यानी. म्हणाले, उजवो पडलो तर चेडू जातला. आणि आपल्या हातान पाकळ्यो पुसून टाकल्यानी. घराक येवन तुका सांगल्यानी, डावो पडलो."

"आणि तू इतकी वर्सां गप रवलंस?"

"बाबा जिते होते तवसर कसा सांगू? मागसून तू देवाक गाळी घालीस, मी आयकत रवलंय. देवाक चलता. बापाक चलाचा नाय, असा वाटला."

तो पुढे म्हणाला, "मी लावतंय तरी. माका पण भय आसा. उजवो पडलो तर ता जातला, आणि गेला काय परत हयसर ऱ्हवाक येवचा नाय, ह्या माका म्हायत आसा. तरी विचारतंय."

बाबांचा फोटो ओट्यावरच्या भिंतीवर आहे, चंदनाचा हार घातलेला. त्याच्याकडे बघून मी त्या संध्याकाळी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादा ऐकून घेत होता. ज्या शिव्या बापाला चालणार नाहीत म्हणून त्याने इतकी वर्षं खरं झाकलं, त्या शेवटी बापाच्या फोटोलाच ऐकाव्या लागल्या. बाबा मेले तेव्हा मी रडले होते, त्याचाही मला राग आला. पण सगळ्यात वाईट गोष्ट घरी परत येताना लक्षात आली. माझा कौल उजवा पडला असता, असंसुद्धा मला म्हणता येत नव्हतं. तो उजवाही नव्हता, डावाही नव्हता. तो नव्हताच. ज्या उत्तरावर चिडून मी अर्धं आयुष्य काढलं ते उत्तर कुणी दिलंच नव्हतं, आणि हे मी भर सभेत इलेक्ट्रॉनबद्दल लोकांना समजावून सांगत होते.

सकाळी देवळात गेले. इतक्या वर्षांनी. दादा हात जोडून उभा, भाची त्याच्या शेजारी, मी खांबाला टेकून. गुरवाने पंखा बंद केला, पाषाण पुसला, पाकळ्या चिकटवल्या. दादाने गाऱ्हाणं घातलं. "चेडू शिकूक भायर जाता, तेका जावक तुझो हुकूम आसा तर उजवो दी म्हाराजा." प्रश्न सरळ होता. त्याने तो वाकवला नाही, हे मला मान्य केलं पाहिजे.

मग आम्ही बघत बसलो. बाहेर कुठेतरी नारळ सोलायचा आवाज येत होता. दादाच्या कानामागून घाम उतरत होता.

आणि मी मनात म्हणत होते, डावा पड.

हे मी कुणाला सांगितलं नसतं, पण लिहायला बसले आहे तर खरं लिहिते. आधी मला वाटलं की डावा पडला तर मी दादाशी भांडेन, भाचीच्या हाताला धरून तिला स्टेशनवर नेईन, गावाच्या तोंडावर तिला गाडीत बसवेन, म्हणून मी असं म्हणतेय. ते खोटं होतं. भांडायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मला सोबत हवी होती. आमच्या घरात बॅग रिकामी करणारी आणखी एक मुलगी हवी होती. तिने माझ्यासारखं इथेच शिकवावं, माझ्यासारखं जेवताना शोधनिबंध वाचावेत, आणि कधीतरी आम्ही दोघींनी मिळून देवाला शिव्या घालाव्यात, असं मला हवं होतं. ज्या पोरीला मी स्पिन शिकवला तिच्याबद्दल मी हे मागत होते, आणि ज्याला मानत नाही त्याच्याकडे मागत होते.

उजवी पडली.

"उजवो दिल्यान," गुरव म्हणाला. दादाने डोळे मिटले आणि तो खांबाजवळ खालीच बसला. भाची त्याच्या गळ्यात पडली. बाबांनी जे भोगायला नको म्हणून पाकळ्या पुसल्या ते दादा तिथे सगळ्यांच्या देखत भोगत होता. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. मी ठेवला नाही.

आमच्या घरांपाशी मोबाइलला रेंज नाही. भाचीला स्कूटरवर मागे बसवून मी वर सड्यावर, गावामागच्या कातळाच्या पठारावर आणलं, जिथे रेंजच्या दोन-तीन काड्या येतात. तिने संकेतस्थळ उघडलं, सगळे रकाने तपासले, आणि संमतीच्या बटणापाशी येऊन थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"आत्ये, तू रडतंस?"

"नाय. राग इलो हा."

"माझ्या बाबांचो?"

"नाय. तुझो."

ती फोन हातात तसाच धरून उभी राहिली. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं.

"देवळात मी डावो पडांदे म्हणत होतंय," मी म्हणाले.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तुझे ओठ हलत होते."

तिने माझ्यावरची नजर काढली नाही. तशीच बघत राहिली आणि अंगठ्याने बटण दाबलं.